शून्यावरचा काटा : दोन बॅटऱ्यांच्या तुलनेचा इतिहास

(वडनेर, तालुका हिंगणघाट, जिल्हा वर्धा येथील जाहीर व्याख्यानाचे शब्दांकन. शेवटची प्रश्नोत्तरे संक्षेपाने दिली आहेत.)



आजचा विषय ऐकायला लहान आहे. समोर दोन बॅटऱ्या आहेत, दोन्ही बारा व्होल्टच्या. यातली जास्त भरलेली कोणती, हे दिवा लावून सांगणारं एक साधं सर्किट कसं बनवायचं? ते सर्किट आपण शेवटी फळ्यावर काढणार आहोत. पंधराएक सुट्या भागांत ते होतं. पण आधी इतिहास बघू. या सर्किटातला एकेक भाग कुणाच्या तरी अडचणीतून आलेला आहे. ती अडचण कळली नाही, तर सर्किट म्हणजे नुसती नक्कल होते. आणि नक्कल बिघडली की दुरुस्त करता येत नाही.

हा विषय वडनेरला का घेतला, तेही सांगून टाकू. नागपूर-हैदराबाद हायवेच्या दोन्ही अंगांना आपला कापूस, सोयाबीन, तूर, चणा. रात्री रानडुकरं आणि रोही पिकात शिरतात, म्हणून कुंपणाला झटका मशीन लावलेली असते. ही मशीन बारा व्होल्टच्या बॅटरीवर चालते. ती तारेत काही हजार व्होल्टचा, पण क्षणभराचाच ठोका सोडते, साधारण सेकंदाला एक. जनावर दचकतं आणि मागे फिरतं; मरत नाही. पण बॅटरी मध्यरात्री बसली तर? एका रात्रीत पिकाची नासाडी होते. आणि याहून वाईट म्हणजे, बॅटरी दगा देते म्हणून कुणीतरी कुंपणाला थेट लाइनची वीज जोडतो. तो गुन्हा आहे, आणि त्यात माणसंही गेलेली आहेत, वाघही गेलेले आहेत. तेव्हा संध्याकाळी शेतात जाताना घरातल्या दोन बॅटऱ्यांपैकी कोणती उचलायची, हा प्रश्न वाटतो तेवढा लहान नाही.

आता मागे जाऊ, १८०० सालात. इटलीतल्या अलेस्सांद्रो व्होल्टा यांनी २० मार्च १८०० रोजी लंडनच्या रॉयल सोसायटीच्या अध्यक्षांना, जोसेफ बँक्स यांना, एक पत्र लिहिलं. त्यात जगातल्या पहिल्या बॅटरीचं वर्णन होतं. जस्ताची चकती, तिच्यावर मिठाच्या पाण्यात भिजवलेला पुठ्ठा, मग चांदीची किंवा तांब्याची चकती, आणि पुन्हा तसंच, असा थरावर थर. थर वाढवले की झटका वाढतो, हे व्होल्टांना कळलं होतं. पण कसं कळलं? मोजायला मीटर नव्हता. त्यांच्याकडे विद्युतदर्शक होता, आणि दुसरं साधन म्हणजे स्वतःचं अंग. बोटं, जीभ. एका रचनेचा झटका मनगटापर्यंत येतो, दुसरीचा कोपरापर्यंत, अशी ती तुलना. आपली पोरं आजही नऊ व्होल्टची बॅटरी जिभेला लावून बघतात ना, "आहे का गेली?" म्हणून? ती व्होल्टांच्याच काळातली पद्धत आहे.

या पद्धतीत एक गोष्ट लक्षात ठेवा. जीभ किती व्होल्ट ते सांगत नाही. पण ही जास्त की ती जास्त, एवढं सांगते. म्हणजे मोजणी यायच्या आधी तुलना आली.

१८२० मध्ये डेन्मार्कच्या ओर्स्टेड यांनी दाखवून दिलं की तारेतून वीज गेली की शेजारची चुंबकसूची हलते. त्याच वर्षी तारेची वेटोळी करून ही हालचाल वाढवण्याची युक्ती निघाली, आणि गॅल्व्हॅनोमीटर जन्माला आला. आता काटा मिळाला. मग काय, बॅटरी जोडा, काटा किती वळतो ते बघा, दुसरी जोडा, पुन्हा बघा. झाली तुलना!

पण नाही झाली. गेओर्ग ओहम यांना हे चांगलंच भोवलं. १८२५ च्या सुमारास ते वेगवेगळ्या लांबीच्या तारा जोडून काटा बघत होते. बॅटरी जोडल्याबरोबर काटा एक आकडा दाखवी आणि थोड्याच वेळात घसरे. तार बदलली म्हणून काटा बदलला, की बॅटरीच थकली म्हणून, हे समजायला मार्ग नव्हता. तेव्हा एका विज्ञान नियतकालिकाचे संपादक असलेले योहान पोगेनडॉर्फ यांनी त्यांना सुचवलं की बॅटरीचा नाद सोडा. दोन धातूंचा सांधा एका बाजूने तापवला आणि दुसऱ्या बाजूने थंड ठेवला की थोडी पण स्थिर वीज मिळते, ती वापरा. ओहम यांनी एक बाजू उकळत्या पाण्यात आणि दुसरी बर्फात ठेवून प्रयोग केले, आणि आपण शाळेत शिकतो तो ओहमचा नियम त्यातून निघाला. ज्या बॅटरीसाठी आपण तो नियम वापरतो, ती त्याच्या जन्माच्या वेळी बाजूला ठेवावी लागली होती.

बॅटरी अशी का वागते? दोन कारणं आहेत. एक तर वीज ओढायला लागलं की आतल्या पत्र्यांवर वायूचे बुडबुडे साचत आणि जोर कमी होई. दुसरं म्हणजे प्रत्येक बॅटरीच्या पोटात स्वतःचा थोडा रोध असतो. वीज वाहते तेव्हा काही व्होल्टेज आतल्या आतच खर्च होतं, बाहेर येतं ते उरलेलं. आणि गॅल्व्हॅनोमीटर जोडला म्हणजे वीज वाहणारच. थोडक्यात, मोजायला गेलं की जे मोजायचं तेच बदलायचं.

यातून वाट काढली ती पुन्हा पोगेनडॉर्फ यांनीच, १८४१ मध्ये. त्यांचा विचार समजून घ्यायला आपण हिंगणघाटच्या कापूस बाजारात जाऊ. वजन करायचे दोन प्रकार आहेत. एक स्प्रिंगचा काटा: माल लटकवा, स्प्रिंग किती ताणली ते वाचा. स्प्रिंग जुनी झाली की आकडा खोटा. दुसरा तराजू: एका पारड्यात माल, दुसऱ्यात मापं, आणि काटा मधोमध आला की बस. तराजूला "किती वळला" हे विचारायचंच नाही. "वळला की नाही" एवढंच विचारायचं.

पोगेनडॉर्फ यांनी विजेचा तराजू केला. एक लांब, सगळीकडे सारखी जाड तार घ्यायची. तिच्यातून एका मोठ्या बॅटरीची वीज सतत वाहू द्यायची. तारेच्या एका टोकापासून जसजसं पुढे जाऊ तसतसं व्होल्टेज लांबीच्या प्रमाणात मिळतं. आता जी बॅटरी तपासायची ती या व्होल्टेजच्या विरुद्ध दिशेने लावायची आणि मध्ये गॅल्व्हॅनोमीटर ठेवायचा. स्पर्श करणारं टोक तारेवर पुढे-मागे सरकवत राहायचं. एका जागी काटा शून्यावर येतो. त्या जागी दोन्ही बाजूंचा जोर सारखा, म्हणून तपासल्या जाणाऱ्या बॅटरीतून वीज मुळी वाहतच नाही. वीज नाही म्हणून आतला खर्च नाही, आणि नव्याने बुडबुडेही साचत नाहीत. बॅटरीचं खरं व्होल्टेज पहिल्यांदा हाती आलं, ते तिच्याकडून काहीही न मागता.

आकड्यांत बघू. तार ४ मीटर, तिच्यावर २ व्होल्ट. म्हणजे प्रत्येक मीटरला अर्धा व्होल्ट. दीड व्होल्टचा घट लावला तर काटा ३०० सेंटीमीटरवर शून्य होईल. १.०८ व्होल्टचा लावला तर २१६ सेंटीमीटरवर. ३०० भागिले २१६, हे दोन घटांचं गुणोत्तर. गंमत अशी की तारेवर नेमके २ व्होल्ट आहेत की नाहीत हे माहीत नसलं तरी गुणोत्तर बरोबरच येतं. अट एकच: तारेवरचं व्होल्टेज दोन्ही घटांपेक्षा जास्त पाहिजे. नाहीतर शून्य सापडतच नाही. ही अट ध्यानात ठेवा, ती पुढे आयसीमध्ये पुन्हा भेटणार आहे.

इथे बसलेल्या बारावी सायन्सच्या मुलामुलींनी हे ओळखलं असेल. प्रॅक्टिकलमध्ये लाकडी पाटावर चार-पाच पदरी ताणलेली तार असते, पोटेन्शिओमीटर, मराठीत विभवमापी. दोन घटांच्या विद्युतचालक बलांची तुलना करा, हा प्रयोग. तो जर्नल भरण्यापुरता करू नका. तो १८४१ चा आहे, तारेच्या जमान्यातला.

तारखात्याचंच बघू या. आपल्या देशात विल्यम ओ'शॉनेसी यांनी १८३९ मध्ये कलकत्त्यात तारेचे प्रयोग केले. १८५४ मध्ये कलकत्ता आणि मुंबई आग्र्यामार्गे तारेने जोडले गेले, आणि १८५५ च्या फेब्रुवारीपासून सर्वसामान्य माणूस पैसे भरून तार करू शकला. १८६७ मध्ये वर्ध्यावरून नागपूरला रेल्वे पोचली. रेल्वे म्हटली की तार आलीच. आणि तार म्हणजे बॅटऱ्या, एक-दोन नाही, ओळीने मांडलेल्या.

इथल्या तारखात्यात मिनोट्टो नावाचा घट फार चालला. त्याची रचना आपल्या माणसाला लगेच कळेल. भांड्याच्या तळाशी तांब्याची चकती, तिच्यावर मोरचुदाचे खडे, तोच मोरचूद जो संत्र्याच्या बागेत बोर्डो मिश्रणाला लागतो. त्यावर ओली वाळू किंवा लाकडाचा भुसा, आणि सगळ्यांत वर जस्ताची चकती. मूळ कल्पना इंग्लंडच्या जॉन डॅनियल यांची, १८३६ ची. तांब्याच्या पत्र्यावर बुडबुड्यांऐवजी तांबंच साचतं, म्हणून व्होल्टेज घसरत नाही. वाळूच्या थरामुळे दोन द्रावणं मिसळत नाहीत. व्होल्टेज साधारण १.०८.

आता कल्पना करा, असे तीस-चाळीस घट एका ओळीत आहेत. मधला एक वाळला. त्याचं व्होल्टेज जवळपास तेवढंच दिसतं, पण पोटातला रोध इतका वाढतो की सगळी ओळ लंगडी पडते. कोणता घट बिघडला ते कसं शोधणार? कलकत्त्यात तारखात्याचे इलेक्ट्रिशियन म्हणून काम करणारे लुई श्वेंडलर हे जर्मन गृहस्थ. त्यांनी तारांच्या आणि कार्यालयांतल्या यंत्रणेच्या चाचणीवर सविस्तर सूचनांचं पुस्तक लिहिलं, ते १८७८ मध्ये निघालं. अशा चाचण्यांत बॅटरीला दोन वेगळे प्रश्न विचारायचे असतात: तुझं व्होल्टेज किती, आणि तुझ्या पोटातला रोध किती? पहिल्याचं उत्तर चांगलं आलं म्हणून दुसऱ्याचं चांगलं येईलच असं नाही. हा भेद आजही निम्म्या लोकांच्या लक्षात येत नाही, म्हणून जरा जोर देऊन सांगतो आहोत.

तुलना जमली, पण जगभर एकच माप हवं होतं. मुंबईचा व्होल्ट आणि लंडनचा व्होल्ट एकच आहे, हे कशावरून? त्यासाठी कधी न बदलणारा घट पाहिजे, जसं बाजारात शिक्का मारलेलं वजन असतं तसं. लॅटिमर क्लार्क या इंग्रज इंजिनिअरने १८७० च्या दशकात पारा आणि जस्त वापरून असा घट केला, १५ अंश सेल्सिअसला १.४३४ व्होल्ट. १८९३ च्या शिकागो परिषदेत व्होल्टची व्यवहारातली व्याख्या याच घटावर बांधली गेली. पण तो तापमानाला हळवा होता, दर अंशामागे साधारण एक मिलिव्होल्टने उतरायचा. आपल्या मे महिन्यात त्याच्यावर विसंबणं अवघडच. त्याच १८९३ मध्ये एडवर्ड वेस्टन यांनी कॅडमियमचा घट आणला, २० अंशाला १.०१८३ व्होल्ट आणि तापमानाने फारच थोडा बदलणारा. पुढे कित्येक दशकं जगातल्या प्रयोगशाळांत हाच घट प्रमाण होता. १९९० पासून ती जागा जोसेफसन परिणाम नावाच्या क्वांटम नियमाने घेतली.

इथपर्यंत काटा शून्यावर आणायचं काम माणूस करत होता. टोक सरकवायचा हात माणसाचा, बघणारे डोळे माणसाचे. विसाव्या शतकात हे काम सर्किटाकडे गेलं.

त्यातली पहिली अडचण अशी. दोन व्होल्टेज जवळजवळ सारखी असली की निर्णय डळमळतो, क्षणात हा, क्षणात तो. यावरचा उपाय ऑटो श्मिट या अमेरिकन विद्यार्थ्याने १९३४ मध्ये काढला आणि १९३८ मध्ये प्रसिद्ध केला. ते समुद्रातल्या स्क्विड या प्राण्याच्या मज्जातंतूंचा अभ्यास करत होते. तसंच वागणारं सर्किट त्यांनी बांधलं: एकदा एका बाजूला निर्णय झाला की तो थोडासा पक्का करायचा, म्हणजे उलट जायला चांगला सणसणीत फरक लागेल. याला श्मिट ट्रिगर म्हणतात. रोजच्या भाषेत सांगायचं तर, एकदा दिलेला शब्द किरकोळ कारणाने फिरवायचा नाही.

मग ट्रान्झिस्टर आला, आयसी आली. १९६० च्या दशकाच्या मध्याला फेअरचाइल्ड कंपनीत बॉब विडलर यांनी ७१० नावाची आयसी केली. दोन व्होल्टेज घेऊन मोठं कोणतं ते सांगणं एवढंच तिचं काम. अशा आयसीला कंपॅरेटर म्हणतात. पण तिला दोन वेगवेगळे वीजपुरवठे लागत. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला नॅशनल सेमीकंडक्टर कंपनीची ३३९ आली: एका आयसीत चार कंपॅरेटर, पुरवठा एकच, २ पासून ३६ व्होल्टपर्यंत काहीही चालतं, आणि स्वतः खाते जेमतेम एक मिलिअँपिअर. बॅटरीवर चालणाऱ्या कामाला याहून बरं काय पाहिजे? मुंबईच्या लॅमिंग्टन रोडपासून कुठल्याही इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात ती आजही मिळते.

चला, आता फळ्याकडे या.

दोन्ही बॅटऱ्यांचे निगेटिव्ह एकत्र जोडले. 'अ' आणि 'ब' हे दोन पॉझिटिव्ह. दोघांकडून एकेक डायोड घेतला आणि ते पुढे एकत्र करून आयसीला पुरवठा दिला. ज्या बॅटरीचं व्होल्टेज जास्त, ती आयसी चालवेल. डायोडमुळे एकीची वीज दुसरीत शिरणार नाही.

आता ती पोगेनडॉर्फची अट आठवा. मापणाऱ्याचं व्होल्टेज मापल्या जाणाऱ्यापेक्षा जास्त पाहिजे. इथे मापणारा म्हणजे आयसी, आणि तिला तर बॅटरीपेक्षा डायोडमुळे थोडं कमीच मिळतं. म्हणून बॅटरीचं व्होल्टेज सरळ आत द्यायचं नाही, निम्मं करून द्यायचं. प्रत्येक बॅटरीला १०० किलोओहमचे दोन रेझिस्टर एकामागे एक लावले, की मधल्या बिंदूवर निम्मं मिळतं. १२.६ चे ६.३. दोघांचं निम्मं केलं म्हणून तुलनेत फरक पडत नाही. आणि त्यातून वाहणारी वीज ०.०६ मिलिअँपिअरच्या आसपास, म्हणजे बॅटरीकडून मागणं जवळपास शून्य.

पहिल्या कंपॅरेटरच्या मायनसला 'अ' चा मधला बिंदू, प्लसला 'ब' चा. दुसऱ्याला बरोबर उलट. या आयसीचं आउटपुट वीज खाली ओढतं, वर ढकलत नाही. म्हणून पुरवठ्यापासून २.२ किलोओहम, मग एलईडी, मग आउटपुट. 'अ' मोठी असेल तर पहिला दिवा, 'ब' मोठी असेल तर दुसरा. प्रत्येक आउटपुटपासून त्याच कंपॅरेटरच्या प्लसला १० मेगाओहमचा रेझिस्टर जोडा. हे झालं श्मिट यांचं देणं. आता एखाद-दोन दशांश व्होल्टचा फरक पडल्याशिवाय दिवा पलटणार नाही. उरलेल्या दोन कंपॅरेटरचे इनपुट निगेटिव्हला जोडून टाका, लोंबकळत ठेवू नका.

आणि रेझिस्टर घेताना एक टक्क्याचे मागा. का ते बघा. बारा व्होल्टची लेड-ॲसिड बॅटरी पूर्ण भरलेली आणि काही तास विसावलेली असेल तर साधारण १२.७ व्होल्ट दाखवते, निम्मी १२.२ च्या जवळ, आणि रिकामी ११.८. भरलेली आणि रिकामी यांत फरक एक व्होल्टसुद्धा नाही. पाच टक्क्यांचे रेझिस्टर घेतले आणि नशीब वाईट असलं, तर एका जोडीतच ०.६ व्होल्टची चूक होते. म्हणजे तराजूच खोटा. एक टक्क्याचे घेऊनही थोडा फरक राहतो, म्हणून एका जोडीच्या मध्ये ४.७ किलोओहमचा प्रीसेट टाकून त्याच्या मधल्या पायातून व्होल्टेज घ्या. मग दोन्ही इनपुट एकाच बॅटरीला जोडा आणि दिवा पलटण्याच्या दोन टोकांच्या मधोमध प्रीसेट आणा. व्यापारी माल टाकायच्या आधी रिकामी पारडी दाखवतो, तेच हे. आणि शंका आली तर बॅटऱ्यांची अदलाबदल करा. दिवाही बदलला पाहिजे. नाही बदलला, तर दोष तराजूत.

आता श्वेंडलरचा दुसरा प्रश्न. हा दिवा फक्त व्होल्टेज सांगतो, आणि तेही बॅटरी आरामात असताना. जुनी, पत्रे खराब झालेली बॅटरी रात्रभर चार्ज केली की सकाळी ऐटीत १२.६ दाखवते आणि काम पडलं की पाचव्या मिनिटाला माना टाकते. म्हणून तुलना दोनदा करा. एकदा मोकळी. मग दोन्ही बॅटऱ्यांना मोटारसायकलच्या हेडलाइटचा एकेक ३५ वॉटचा बल्ब लावा, दोन्हीकडे सारखाच, आणि पाच मिनिटांनी पुन्हा बघा. प्रत्येक बॅटरीतून सुमारे ३ अँपिअर जातील. दुसऱ्या वेळी दिवा पलटला, तर मोकळेपणी सरस वाटलेली बॅटरी रात्रीच्या कामाची नाही. शेतात नेताना दुसऱ्या दिव्यावर विश्वास ठेवा. तपासताना झटका मशीन काढून ठेवा, आणि प्रत्येक पॉझिटिव्हला बॅटरीजवळच फ्यूज लावा.

एवढं बोलून थांबतो. काही प्रश्न असतील तर विचारा.

प्रश्न : सर, दोन्ही बॅटऱ्या जोडूनच ठेवल्या तं? तपासाची झंझटच नाही.

उत्तर : नाही भाऊ, जुनी आणि नवी अशी जोडी प्लसला प्लस, मायनसला मायनस लावून ठेवू नका. जास्त व्होल्टेजची बॅटरी कमीवालीत वीज ओतत राहते, आणि जुनीत आतून बिघाड असेल तर नवीही रिकामी होते. जोडायच्याच असतील तर एकाच कंपनीच्या, एकाच वयाच्या घ्या.

प्रश्न : नवीन लिथियमची बॅटरी आली आहे. तिला हे सर्किट चालेल का?

उत्तर : दिवा लागेल, पण फारसं काही सांगणार नाही. लिथियम-आयर्न-फॉस्फेटचं व्होल्टेज बराच काळ जवळजवळ सपाट राहतं आणि संपताना एकदम पडतं. तिथे किती वीज आत गेली आणि किती बाहेर आली, याचा हिशेब ठेवावा लागतो. तो वेगळ्या व्याख्यानाचा विषय आहे.

प्रश्न : सर, आमच्या प्रॅक्टिकलात काटा एकाच बाजूला राहतो, शून्य येतच नाही.

उत्तर : दोन गोष्टी बघ बाळा. घटाचा पॉझिटिव्ह तारेच्या पॉझिटिव्ह टोकाकडेच आहे ना? आणि तारेवरची बॅटरी घटापेक्षा मोठी आहे ना? ती उतरलेली असली तर शून्य तारेच्या बाहेर जातं. आधी ती बॅटरी बदलून बघा.

सर्किटाचा फळ्यावरचा आराखडा ज्यांना उतरवून घ्यायचा आहे त्यांनी घ्या, आम्ही अजून अर्धा तास इथेच आहोत.